फुलीची दारं

१

टाळ्या पुरत्या थांबल्याही नव्हत्या, तोच पुढच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून पहिली शिवी ऐकू आली.

कामगार वसाहतीच्या मैदानात नगराध्यक्षपदाला उभ्या असलेल्या आमच्या डॉक्टरबाईंची सभा नुकतीच संपली होती. दोन्ही इमारतींमधली माणसं घरांना कुलपं लावून खाली उतरली होती. म्हातारेकोतारे आले होते, कडेवरची पोरं आली होती. इतकी गर्दी मामांनाही अपेक्षित नव्हती. मामा म्हणजे आमचे प्रचारप्रमुख, साऱ्या जगाचे मामा. लोक भाषणावर खूश होऊन जिने चढले आणि वर गेल्यावर दारातच त्यांना पुन्हा बाई भेटल्या.

म्हणजे बाईंचं पोस्टर भेटलं. दाराच्या बरोबर मधोमध, नावाच्या पाटीवर, बाहेर बघायच्या भोकावर चिकटवलेलं. कुलपाच्या तोंडातही चिकट लगदा भरला होता, त्यामुळे किल्ली आत जाईना. पोस्टर ओढलं तर कागद फाटत होता, दाराचा रंग सोलून येत होता, पण बाईंचं हसू काही निघत नव्हतं. जरा वेळाने एका माणसाने जिन्यावरून खाली वाकून विचारलं, "निवडून यायच्या आधीच घरात घुसताय, आल्यावर काय कराल?"

मामांनी हात जोडले, माफी मागितली, कुलूपवाल्याला बोलावणं धाडलं. मी जिन्याने वर जाऊन दारं पाहत होते. ही इमारत माझी होती. म्हणजे प्रचारासाठी मला दिलेली होती, आणि इथलं प्रत्येक दार मी ठोठावलेलं होतं.

मी राजकारणात नवखी. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते, म्हणून कचेरीत सगळे मला चष्मेवाली म्हणतात. कोणी विचारलं की समाजसेवेसाठी आले असं मी सांगायचे, पण ते खोटं होतं. मला फक्त एका माणसाला पडलेलं बघायचं होतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे नगराध्यक्ष.

माझा दादा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. दोन वर्षांपूर्वी गावात घाण पाणी आलं, घरोघरी लोक आजारी पडले, पोरं दवाखान्यात गेली. जुनी टाकी साफ न करता चालू ठेवायचा हुकूम अध्यक्षांचा, पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. त्यांनी याच मैदानात दादाला दंडाला धरून व्यासपीठावर चढवलं आणि हजारो लोकांना सांगितलं, "हा तो माणूस. हा झोपला म्हणून तुमची पोरं आजारी पडली." त्या आठवड्यात आमच्या घरावर दगड आले, दारावर चिखल आला. दादाची नोकरी गेली. तेव्हापासून दादाने उंबरठा ओलांडलेला नाही. बाईंनी मला शब्द दिला होता की निवडून आल्यावर ती चौकशी पुन्हा उघडायची. त्या एका शब्दासाठी मी पायाचे तुकडे पाडत होते.

आणि आता ज्या वसाहतीच्या मतांवर सगळं अवलंबून, तीच वसाहत बाईंच्या नावाने बोटं मोडत होती.

दारं बघता बघता माझ्या लक्षात आलं की पोस्टर सगळ्याच दारांवर नाही. मधलीच काही दारं सोडली आहेत. मी खाली वाकून चौकटीचा कोपरा पाहिला. तिथे आम्ही प्रचारवाले खडूने बारीकशी खूण करून ठेवत असू, म्हणजे पुन्हा आल्यावर कुठे किती घसा कोरडा करायचा ते कळतं. रेघ म्हणजे आपला माणूस, गोल म्हणजे भोपळा, इथे काही मिळायचं नाही, आणि फुली म्हणजे डळमळीत.

पोस्टर फक्त फुलीच्या दारांवर होतं.

मी मामांना जाऊन सांगितलं की खुणा बघून फक्त डळमळीत घरं निवडली आहेत. मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डळमळीत माणसंच नेमकी निवडून चिडवली. हे बाहेरच्याला जमणारं काम नाही. हा घरचा भेदी आहे."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हतं. शेवटची सभा त्याच संध्याकाळी होती, आणि एका दिवसाआड मतदान.

मामांनी दार लावून घेतलं. "खुणा कोणाकोणाला माहीत आहेत? मला, दीरसाहेबांना, पेंटरला, वकिलीणबाईला आणि चष्मेवालीला. बस."

दीरसाहेब म्हणजे बाईंचे दीर. उमेदवारी आपल्यालाच मिळणार म्हणून त्यांनी आधीच नवे कपडे शिवून घेतले होते, आणि ते घालून ते आता वहिनीच्या प्रचाराला येत. पेंटर आमची पोस्टरं लावायचा. वकिलीणबाई म्हणजे कायदा शिकणारी एक चुणचुणीत मुलगी, तिच्याकडे मागची इमारत होती. मी आणि ती एकाच दिवशी कामाला लागलो होतो.

"पण मामा," वकिलीणबाई म्हणाली, "सभा चालू असताना आपण सगळेच मैदानात होतो. मी आणि ताई फाटकावर पत्रकं वाटत होतो. तुम्ही आणि दीरसाहेब व्यासपीठावर होतात. पेंटरकाका कर्ण्यापाशी उभे होते."

"दीरसाहेब मध्येच उठून गेले होते," मी म्हणाले. मी ते पाहिलं होतं, आणि पाहिलेलं बोलून टाकायची मला खोड आहे.

दीरसाहेब तेव्हा कचेरीत नव्हते. मामांनी भुवई वर केली.

"आणखी एक," मी म्हणाले. "पोस्टर पहिल्या छपाईचं आहे."

सगळ्यांना कळलं. पहिल्या छपाईत बाईंचा चेहरा निळा आला होता. बाई त्यावर पेंटरला सगळ्यांदेखत बोलल्या होत्या, कारण छापखाना त्याच्या ओळखीचा. तो सगळा गठ्ठा आम्ही रद्दी म्हणून वाटून टाकला. पेंटरने कुंचले पुसायला नेला, दीरसाहेबांनी दुकानात माल गुंडाळायला नेला, मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायला नेला. वकिलीणबाईने नेला नव्हता. ती म्हणाली होती, रोज डबा काढताना निळ्या बाई कशाला बघायच्या.

"म्हणजे पेंटर, दीरसाहेब किंवा तू. स्वतः नाही तर कोणाकरवी," मामा माझ्याकडे बघत म्हणाले. "तिघांत सगळ्यात नवी तू आहेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्षाला पाडायला मी रक्त आटवत होते आणि हा माणूस माझ्यावरच संशय घेत होता.

"संध्याकाळच्या सभेआधी मी तुम्हाला माणूस आणून देते," मी म्हणाले. "आणि तो कोण का असेना, बाईंपुढे त्याच्या थोबाडीत मी मारणार."

मामा म्हणाले, "मार. पण आधी आण."

३

पेंटर मला मागच्या इमारतीच्या जिन्यात सापडला. गरम पाणी आणि पत्रा घेऊन तो एका दारावरचं पोस्टर खरवडत होता. घाम गळत होता, कागद हलत नव्हता.

"मामांनी पाठवलं का तुला?" त्याने वर न बघता विचारलं.

"मी स्वतः आले. बाईंनी तुमचा सगळ्यांपुढे अपमान केला होता. राग आलाच असेल."

"आला होता. दोन दिवस मी त्यांच्या पोस्टरला मिशी काढायचा विचार करत होतो." तो हसला. "पण हे बघ. मी खळ शिजवून लावतो. पाणी मारलं की सालासारखी निघते. आयुष्यभर भिंती माझ्या आणि पोस्टरं दुसऱ्याची, त्यामुळे काढायला सोपं पडेल असंच लावायची मला सवय. हे ज्याने लावलं त्याला काढायचंच नव्हतं. आणि वास घे."

मी नाक जवळ नेलं. उग्र, डोक्यात जाणारा वास होता.

"नळाचे पाइप जोडायचं सोल्युशन आहे हे," पेंटर म्हणाला. "रंग खातं. हे पोस्टर चिकटवायला वापरायचं कोणाच्या डोक्यात येईल? ज्याच्या घरात ते आधीपासून पडलंय त्याच्या."

"आणि ते कोणाकडे आहे?"

त्याने पत्रा खाली ठेवला. "आता माझ्या तोंडून कशाला वदवतेस? बाईंच्या दिराचं दुकान कशाचं आहे?"

दीरसाहेबांचं दुकान नळ, पाइप आणि मोऱ्यांच्या सामानाचं होतं.

मला अंगभर आनंद झाला. खोटं कशाला बोलू. उमेदवारी हुकलेला माणूस, पाइपचं दुकान, निळ्या पोस्टरांचा गठ्ठा, आणि सभेतून उठून जाणं. थोबाडीत मारायचा हात मी जिन्यातूनच चोळत खाली उतरले.

४

दीरसाहेबांना मी मामांच्या आणि वकिलीणबाईच्या समोरच गाठलं. ते नुकतेच येऊन चहा पीत बसले होते. मी सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

दीरसाहेबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील, पण ते खुर्चीत आरामात मागे रेलले.

"सभेतून उठलो कारण वहिनींचं भाषण मला पाठ आहे. कर्ण्याच्या गाडीत जाऊन झोपलो. ड्रायव्हरला विचारा, माझ्या घोरण्यावरून तो अजून हसतोय. सोल्युशन माझ्या दुकानात आहे, तसं ते गावातल्या प्रत्येक नळवाल्याकडे आहे. आणि वहिनींवर माझा राग आहे का? आहे. उमेदवारी माझीच होती." त्यांनी मामांकडे पाहिलं. "पण मामा, मी मूर्ख आहे का? मला वहिनींना पाडायचं असतं तर मी पोस्टर कुठल्या दारांना लावलं असतं?"

"डळमळीत," मामा म्हणाले.

"अर्थात. म्हणजे गोलाच्या दारांना. काल मी मागच्या इमारतीत फिरून आलो. सगळी पोस्टरं फुलीच्या दारांवर. फुलीवाले तर पहिल्यापासून अध्यक्षांचे. त्यांना चिडवून कोणाचं काय जाणार? त्यांची मतं तशीही आपल्याला नव्हतीच."

वकिलीणबाई मान हलवत म्हणाली, "हो मामा, मलाही तेच कोडं पडलंय. माझ्या इमारतीत गोलाचं एकही दार बिघडलेलं नाही. माझी डळमळीत माणसं सगळी शाबूत आहेत."

मी मनात गोल आणि फुली पुन्हा एकदा घोकून पाहिले.

मामा कपाळ चोळत होते. "मग पुढच्या इमारतीत डळमळीत दारं कशी बरोबर सापडली? चष्मेवाले, तुझ्याकडे नक्की..."

"मी परत एकदा बघून येते," मी म्हणाले आणि कोणी थांबवायच्या आत बाहेर पडले.

५

मी वसाहतीत गेलेच नाही. बघायला काही उरलं नव्हतं. रस्त्याकडेच्या बाकावर बसले आणि पहिल्यांदा डोकं थंड ठेवून विचार केला.

मामा खुणा शिकवत होते तो पहिला दिवस मला आठवला. नेमकी त्याच वेळी खिडकीबाहेरून अध्यक्षांची गाडी त्यांच्या नावाचा गजर करत चालली होती, आणि माझं सगळं चित्त त्या गाडीला शिव्याशाप देण्यात गुंतलं होतं. खुणा तीन आहेत एवढं कानावर पडलं. बाकीचं मी माझ्या अकलेने जुळवलं. गोल म्हणजे भोपळा, फुली म्हणजे इथे अजून घाव घालायचा आहे. पुढच्या इमारतीत मीच खुणा केल्या, मीच त्या वाचल्या, आणि कचेरीत आम्ही तोंडी सांगत असू, त्यामुळे उलटं झालंय हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

आता ज्याने पोस्टरं लावली त्याच्याकडून बघितलं की सरळ दिसत होतं. त्याने दोन्ही इमारतींमध्ये फुली शोधली आणि फुलीवर पोस्टर मारलं. माझ्या इमारतीत ती डळमळीत माणसं निघाली, कारण फुली मी तशी काढली होती. वकिलीणबाईच्या इमारतीत अध्यक्षांची माणसं निघाली, कारण तिने फुली बरोबर काढली होती. म्हणजे फुलीला डळमळीत समजणारा माणूस हवा. मामा तसं समजत नाहीत, पेंटर नाही, दीरसाहेब नाहीत, वकिलीणबाई नाही. अख्ख्या गावात ती चूक फक्त माझी होती.

मी फाटकावर होते. म्हणजे ज्याने हे केलं त्याला खुणा माझ्याकडून कळल्या होत्या, माझ्या चुकीसकट. आणि मी त्या फक्त एका माणसाला सांगितल्या होत्या. रोज रात्री जेवताना, ताटावरून हात उठेपर्यंत, दिवसभराची सगळी हकीकत मी त्याला सांगत असे. तो ऐकत असे आणि पाणी वाढत असे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी घरी धावले, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि फळ्या पाहिल्या. डबे जागेवर होते. डब्यांखालचे निळे कागद नाहीसे झाले होते.

६

दादा मागच्या खोलीत खिडकीशी बसला होता. बोटांच्या टोकांवर पाइपच्या सोल्युशनचे पांढरे, वाळलेले पापुद्रे होते, ते तो सोलत होता. पाणीपुरवठ्यातली त्याची हत्यारांची पेटी खाटेखालून बाहेर ओढलेली होती. ती पेटी त्याने दोन वर्षांत उघडली नव्हती.

मला आधी राग यायला हवा होता. पण पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच. दादा घराबाहेर पडला. रस्ता ओलांडला, फाटकावर मी होते म्हणून मागच्या वाटेने वसाहतीत शिरला, जिने चढला. त्याच मैदानाच्या कडेने गेला. माझे डोळे भरून आले आणि मग माझा मलाच संताप आला.

"तू लावलीस," मी म्हणाले.

"लावली."

"दादा, मी तुझ्यासाठी मरतेय तिकडे. ती बाई निवडून आली की तुझी चौकशी उघडणार. त्या अध्यक्षाला..."

"बस जरा," तो म्हणाला. "आज मी बोलतो."

मी बसले.

"पाणी बिघडलं त्याच्या आठवडाभर आधी मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं. अध्यक्ष ऐकणार नाही हे मला माहीत होतं. तेव्हा तुझ्या बाई आरोग्य अधिकारी होत्या. मी बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. पाणी गढूळ होतं, दिसत होतं. म्हणाल्या, ठेवून जा, बघते. मी ठेवून आलो. नंतर चौकशीत त्यांना विचारलं, तुमच्याकडे आधी कोणी तक्रार केली होती का. मी समोर उभा होतो. त्या म्हणाल्या, माझ्याकडे कोणीही आलं नव्हतं."

दादाने बोटावरचा एक पापुद्रा सोलून खिडकीबाहेर टाकला.

"अध्यक्ष खोटं बोलला ते समजू शकतो," दादा म्हणाला. "त्याचा धंदाच तो. या बाई दोन वर्षांनी त्याच घाण पाण्याचं निशाण करून निवडणुकीला उभ्या राहिल्या. कर्ण्यावरून रोज ओरडतात, त्या वेळी कोणी आवाज उठवला नाही म्हणून. मी इथे बसून ऐकायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? तू घरी यायचीस, ताटावर बसायचीस आणि सुरू व्हायचीस. मी तोंड उघडायच्या आत तू अध्यक्षाला फासावर चढवलेलं असायचंस." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि प्रचाराला जायला लागल्यापासून तू खूश होतीस. दोन वर्षांत तुला तसं पाहिलं नव्हतं. मग म्हटलं तुला नको बोलायला. त्या बाईंनाच बघून घेऊ."

मी भलतंच बोलले. "मागच्या इमारतीत तू सगळी पोस्टरं अध्यक्षांच्या माणसांच्या दारावर लावलीस."

"तूच म्हणालीस, फुली म्हणजे डळमळीत."

"मला चुकीचं माहीत होतं."

दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. हसता हसता माझ्या मनात एक गोष्ट बसली. माझा भाऊ खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं, पण जगाला ते पटवायला पुरावा लागतो. आणि पुरावा फक्त एकाच माणसाकडे होता.

७

बाई आपल्या दवाखान्यात एकट्या होत्या, संध्याकाळच्या भाषणाची उजळणी करत. मला बघून चष्मा वर केला. तो चष्मा मीच बसवून दिला होता.

"सापडला का माणूस?"

मी ठरवून ठेवलं होतं त्याप्रमाणे, आधी काही न सांगता, फक्त एवढंच विचारलं, "बाई, त्या बाटलीचं काय झालं?"

कुठली बाटली, असं बाईंनी विचारलं नाही. दवाखान्यात शंभर बाटल्या होत्या. त्यांनी भाषणाचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि बोटांनी सारखा केला. मला हवं होतं ते मिळालं.

"त्याने सांगितलं तर," त्या म्हणाल्या.

"सांगितलं. काल तुमच्या पोस्टरांनी, आज तोंडाने."

बाईंना समजायला वेळ लागला नाही. हुशार बाई आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही.

"बस," त्या म्हणाल्या. मी उभीच राहिले. "मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली असती. मग आज त्या माणसासमोर उभं राहायला या गावात कोण उरलं असतं? मी गप्प राहिले म्हणून इथे राहिले. इथे राहिले म्हणून त्याला पाडू शकते."

"तुम्ही मूग गिळून बसलात आणि दगड आमच्या घरावर आले."

"मान्य आहे." बाईंचा आवाज खाली आला. "मला ते विसरता आलेलं नाही, खोटं वाटेल तुला. निकाल लागू दे. पहिली सही तुझ्या भावाच्या चौकशीवर करीन."

"सही नको. आज संध्याकाळी मैदानात सांगा. जिथे त्याला दंडाला धरून उभं केलं होतं, तिथे सांगा की हा माणूस माझ्याकडे बाटली घेऊन आला होता आणि मी खोटं बोलले."

"आज सांगितलं तर अध्यक्ष निवडून येईल. त्याला पाडायलाच आली होतीस ना तू? तुला तो पुन्हा त्या खुर्चीवर चालेल?"

नाही चालणार. अजूनही नाही चालणार. त्या क्षणी मला दोघेही हवे होते, एकाच दोरीला बांधलेले. पण एकाला आवळलं की दुसरा सुटणार, हे बाई बरोबर ओळखून होत्या. दगडापेक्षा वीट मऊ, असं लोक म्हणतात. ज्याच्या डोक्यात वीट बसली त्याला कोणी विचारत नाही.

"म्हणजे नाही सांगणार," मी म्हणाले.

"निकालानंतर."

"बरं." मी गळ्यातला प्रचाराचा पट्टा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "पोस्टरं कोणी लावली ते संध्याकाळपर्यंत वसाहतीला कळेल. का लावली तेही कळेल."

बाई खुर्चीतून उठल्या. "तुझ्या भावालाच लोक मारतील."

हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. सूड मला हवा होता, पण त्याची किंमत पुन्हा दादाच्या पाठीतून वसूल होणार असेल तर मी कोण ती ठरवणारी. म्हणून घरी गेल्यावर मी हुकूम सोडला नाही. जे घडलं ते सांगितलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "काय करायचं?"

दादा उठला. हत्यारांच्या पेटीतून त्याने पत्रा, थिनरची बाटली आणि जुनं फडकं काढलं.

"लावली मी," तो म्हणाला. "काढायला मीच जायला हवं."

८

दुपार कलती होती तेव्हा आम्ही पुढच्या इमारतीत शिरलो. फाटकाशी वकिलीणबाई उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, मग त्याच्या हातातल्या पेटीकडे. तिला कळलं होतं. हुशार पोरगी, फुलीचं कोडं तिने मागाहून सोडवलं असणार.

"मामांना सांगू का, ताई?" तिने विचारलं.

"सांग. लपवण्यासारखं काही नाही."

ती गेली नाही. आमच्या मागून जिना चढू लागली.

वरच्या मजल्यावर पहिलंच दार शिवणकाम करणाऱ्या बाईचं. तिची मुलगी तेव्हा कितीतरी दिवस दवाखान्यात होती, आणि आमच्या दारावर चिखल फेकणाऱ्यांत ती होती. मी खिडकीच्या फटीतून तिला पाहिलं होतं. प्रचाराच्या वेळी मी तिच्याशी गोड बोलून आले होते, पण तो चिखल विसरले नव्हते.

मी बेल वाजवली. तिने दार उघडलं. दादाला तिने लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा कठीण झाला. जिन्यातली आणखी दोन दारं किलकिली झाली. एका पुरुषाचा आवाज आला, "हा कशाला आला इथे?"

माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती. मी दात आवळून धरले.

"हे पोस्टर मी लावलं," दादा म्हणाला. "तुमचं दार खराब झालं, त्याची माफी मागतो, ते मी साफ करून देतो, नवा रंग लावून देतो. पण का लावलं ते ऐकून घ्या. मग मारायचं तर मारा."

त्याने सांगितलं. टाकी कधीपासून साफ नव्हती ते सांगितलं. ती तशीच चालवा असं अध्यक्ष त्याला कुठे, कोणासमोर म्हणाले ते सांगितलं. बाटली सांगितली, बाईंनी ती उजेडात धरली ते सांगितलं, चौकशीतलं उत्तर सांगितलं. कोणाला एक शिवी दिली नाही. मी दिल्या असत्या, आणि म्हणूनच माझं कोणी ऐकलं नसतं. तो बोलत असताना जिन्यातली दारं एकेक करून पूर्ण उघडली. खालच्या मजल्यावरचे लोकही कठड्याशी येऊन उभे राहिले.

शिवणवाली बाई दाराला टेकून ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "आठवडाभर आधी?"

"हो."

"म्हणजे माझ्या पोरीने ते पाणी प्यायच्या आधी."

"हो," दादा म्हणाला. "आधी."

तिने पदराने तोंड दाबून धरलं. मला वाटलं होतं की हा क्षण मला गोड लागेल. तिच्या चिखलाचा हिशेब मी दोन वर्षं सांभाळला होता. पण ती रडायला लागली तेव्हा माझी नजर माझ्या चपलांवर गेली. हिशेब तिच्याशी नव्हताच. तो ज्यांच्याशी होता त्यांच्यातली एक खाली मैदानात माइक तपासून घेत होती, आणि दुसऱ्याची गाडी रस्त्यावरून आपल्याच नावाचा गजर करत चालली होती.

दादाने फडक्यावर थिनर ओतलं आणि दारावरच्या निळ्या चेहऱ्याचा कोपरा हळूहळू सोडवायला घेतला. शिवणवालीने आतून भांडंभर गरम पाणी आणून त्याच्या शेजारी ठेवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू तर त्यांच्या प्रचारात होतीस. आता मत कोणाला द्यायचं, ते तरी सांग."

या प्रश्नाचं उत्तर मी इतके दिवस दारोदार वाटत होते, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. कठड्याशी उभी असलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. खाली मैदानात कर्ण्यावर बाईंचं नाव पुकारलं जात होतं आणि मैदानाकडे जायला कोणी पाऊल उचलत नव्हतं.

"ते तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "आम्ही दार पुसायला आलोय."

पोस्टर निघालं. खाली नावाची पाटी अर्धी खरवडली गेली होती, ती दादाने फडक्याने पुसली, पेटी उचलली आणि तो पुढच्या दाराकडे गेला. मी नेहमीप्रमाणे पुढे होऊन बेलकडे हात नेला. त्याने माझा हात बाजूला केला आणि बेल स्वतः वाजवली.